सीमा सगळ्यात शेवटी काढा: खेळातल्या जगाचा भूगोल आणि त्याची राज्यं

विचारणाऱ्याची अडचण अशी आहे. स्वतःच्या गेमसाठी त्यांनी एक खंड काढला. उत्तरेला गोठलेला किनारा, मधून आडवी गेलेली उंच डोंगररांग, रांगेच्या दोन्ही अंगांना एकेक मोठी नदी, दक्षिणेला आखात. त्यावर सात राज्यं पाडली. सात रंग, सात झेंडे, सात राजघराणी आणि प्रत्येकाचा पाच पानी इतिहास. पण खेळून पाहणारे सगळे एकच सांगतात: एका राज्यातून दुसऱ्यात कधी गेलो ते कळलंच नाही. मग राज्याराज्यांत आणखी फरक कसा आणायचा, आणि सीमा नेमक्या कुठे चुकल्या?

तुमचा नकाशा मी नीट पाहिला. काही सीमा चुकीच्या जागी आहेत हे खरं, पण मूळ दुखणं वेगळं आहे. सीमा फार लवकर काढल्या गेल्या. जमीन तयार व्हायच्या आधीच तुम्ही ती वाटून टाकलीत. आणखी झेंडे, आणखी राजे, आणखी इतिहास घालून हे भरून निघणार नाही. रंगांचा थर तात्पुरता बंद करा, नुसता भूभाग समोर ठेवा आणि मग पुढचं वाचा.

मी अठरा वर्षं हे काम करतोय. आधी टेबलावर बसून खेळायच्या गेमसाठी, नंतर कॉम्प्युटर गेमसाठी. माझं पहिलं मोठं जग अकरा राज्यांचं होतं. त्यांच्या वंशावळी लिहिण्यात चार महिने गेले. पहिल्याच चाचणीत खेळणाऱ्यांची टोळी तीन राज्यं ओलांडून गेली आणि त्यातल्या एकीने विचारलं, "आपण अजून त्याच राजाच्या मुलखात आहोत ना?" तिचं काहीही चुकलं नव्हतं. तिन्ही राज्यांत एकाच जातीची झाडं होती, रस्ते सारखे होते, गावं सारख्या अंतरावर होती आणि पहारेकरी सारखेच वागत होते. फरक होता तो फक्त माझ्या वहीत.

पाण्यापासून सुरुवात करा. नदी उंचावर उगम पावते, वाटेत दुसऱ्या नद्यांना पोटात घेते आणि खाली समुद्राला मिळते. नद्या एकत्र येतात, फाटत नाहीत. अपवाद मुखाजवळच्या त्रिभुज प्रदेशाचा, तिथे जमीन इतकी सपाट असते की गाळात पाण्याला अनेक वाटा फुटतात. तुमची दक्षिणेची नदी मात्र डोंगरातून उतरल्या उतरल्याच दोन फाटे काढून दोन वेगळ्या किनाऱ्यांना जाते, आणि त्या फाट्यांच्या मधल्या जागेत तुम्ही एक अख्खं राज्य बसवलं आहे. ते काढावं लागेल. तसंच उत्तरेच्या तळ्यातून तीन नद्या बाहेर पडताना दाखवल्या आहेत. तळ्याला बहुतेक वेळा बाहेर जायची वाट एकच असते, कारण पाणी कडेची सगळ्यात खोलगट जागा शोधतं आणि तीच झिजवून आणखी खोल करतं. तीनपैकी दोन नद्यांची दिशा उलटी करा. त्या तळ्यात येऊन मिळतील आणि तळ्याकाठचं गाव आपोआप तीन वाटांचं गाव होईल.

मग वारा ठरवा. हे काम जवळजवळ कुणीच करत नाही, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त फळ यातूनच मिळतं. समजा तुमच्याकडे वारा दक्षिणेच्या आखातावरून येतो. बाष्प घेऊन आलेली हवा डोंगराला अडते, वर चढते, थंड होते आणि दक्षिण उतारावर पाऊस पाडून मोकळी होते. रांग ओलांडून उत्तरेला उतरते ती कोरडी हवा. म्हणजे दक्षिण उतारावर दाट जंगल, खाली भरपूर पाण्याचं खोरं. आणि उत्तरेला, रांगेच्या सावलीत, गवताळ कोरडं माळरान. एकाच रांगेने तुमच्या खंडाचे दोन स्वभाव करून ठेवले. रंगाच्या ब्रशने हे कधी होणार नाही.

पुढचा परिणाम आणखी गोड आहे. दक्षिणेची नदी पावसावर जगते, पावसाळ्यात फुगते. उत्तरेची नदी शिखरांवरच्या बर्फावर जगते, म्हणून ती ऊन तापलं की फुगते आणि थंडीत रोडावते. दोन नद्यांचं वर्षाचं पंचांगच वेगळं. दक्षिणेत पूर ओसरल्यावर पेरणी, मग कापणी, मग मोकळे महिने. राजाला सैन्य हवं असेल तर ते त्या मोकळ्या महिन्यांतच मिळणार, कारण एरवी माणसं शेतात अडकलेली. उत्तरेत मेंढपाळ; त्यांना घोडे आहेत, कळप आहेत, ते ऋतूप्रमाणे जागा बदलतात. त्यांचा प्रमुख जमिनीचा धनी नसतो, तो कुरणांचा आणि पाणवठ्यांचा क्रम ठरवणारा असतो. आता सांगा, या दोघांच्या राज्याचा आकार, कायदा, कर एकसारखा कसा असेल? दक्षिणेचा राजा धान्यात कर घेईल आणि त्यासाठी कोठारं बांधेल. उत्तरेचा प्रमुख जनावरांच्या डोक्यांवर घेईल आणि कोठाराऐवजी मेळा भरवेल. खेळाडूला इतिहास वाचावा न लागता हे दिसतं.

पाणी झालं की वाटा. कागदावर अंतर मोजू नका, दिवस मोजा. चालणारा माणूस बऱ्या रस्त्याने दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर जातो. भरलेली बैलगाडी त्याहून बरीच कमी. डोंगरात दोघांचंही अंतर निम्म्यावर येतं. नदीच्या प्रवाहाबरोबर जाणारी नाव या सगळ्यांना मागे टाकते आणि तिला चारा लागत नाही. रस्त्याने धान्य नेताना जनावरं त्याच धान्यातलं खात जातात, त्यामुळे ठरावीक अंतरापलीकडे नेण्यात अर्थच उरत नाही. याच कारणाने मोठी शहरं पाण्याच्या काठी वाढतात.

आता प्रत्येक मोठ्या गावाभोवती दिवसांची वर्तुळं काढा. सपाटीवर ती गोल येतील, नदीकाठी लांबट होतील, डोंगराशी आक्रसतील. सकाळी निघून बाजार करून संध्याकाळी घरी परतता येतं तो गावाचा जवळचा मुलूख. निरोप्या तीन-चार दिवसांत जाऊन येतो तिथवर राजाचा हुकूम हुकूम असतो. त्यापलीकडे तो विनंती होतो, आणि आणखी पुढे तर नुसतं नाव उरतं. ही वर्तुळं जिथे विरळ होतात तिथे तुमच्या सीमा आहेत. त्या तुम्ही काढायच्या नसतात, शोधायच्या असतात.

इथे एक आक्षेप नेहमी येतो: गेमचा नकाशा एवढा मोठा कुठे असतो? बरोबर आहे. २०११ च्या स्कायरिमचा नकाशा साधारण ३७ चौरस किलोमीटरचा आहे, आणि त्यात एक अख्खा प्रांत मावलेला आहे. पण त्या खेळात वेळही आवळलेला आहे. घड्याळ वीसपट वेगाने धावतं, म्हणजे खेळातला एक दिवस आपल्या ७२ मिनिटांचा. अंतर आणि काळ दोन्ही आवळले की मनाला प्रमाण पटतं. म्हणून तुमच्या नकाशावर किलोमीटर लिहू नका. खेळाडूची मिनिटं लिहा. दोन राजधान्यांमधलं अंतर बारा मिनिटं आणि राजधानी ते खिंड चार मिनिटं, अशी भाषा वापरलीत की काय चुकतंय ते लगेच कळतं.

स्कायरिमचाच दाखला थोडा तपशिलात घेतो, कारण तो अनेकांनी खेळलेला आहे आणि त्याच्या राजकारणाखाली भूगोल किती पक्का आहे हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. दक्षिणेला जेरॉल पर्वत, पूर्वेला वेलोथी, पश्चिमेला ड्रुआडाख, उत्तरेला भुतांचा समुद्र. आत नऊ होल्ड, म्हणजे मुलूख, आणि प्रत्येकाचा एक यार्ल, म्हणजे तिथला सत्ताधीश. खेळ सुरू होतो तेव्हा यादवी पेटलेली असते: सॉलिट्यूड, मॉर्थल, मार्कार्थ आणि फाल्क्रीथ साम्राज्याकडे, विंडहेल्म, विंटरहोल्ड, डॉनस्टार आणि रिफ्टन बंडखोरांकडे, मधलं व्हाइटरन कुणाकडेच नाही.

आता नद्या पाहा. कार्थ नदी पश्चिमेच्या डोंगरांतून, मार्कार्थच्या मुलखातून निघते आणि ईशान्येला जाऊन सॉलिट्यूडच्या खाली समुद्राला मिळते; ते शहर नदीमुखावरच्या खडकाच्या कमानीवर बसलेलं आहे. व्हाइट नदी इलिनाल्टा तळ्यातून निघते, रिव्हरवुडवरून खाली येते, व्हाइटरनच्या पठाराला वळसा घालून पूर्वेला जाते आणि विंडहेल्मपाशी समुद्राकडे वळते. म्हणजे एकमेकांशी लढणारी दोन शहरं ही दोन नद्यांच्या मुखांवरची दोन बंदरं आहेत. आणि ज्याच्यासाठी दोघं झुरतात ते व्हाइटरन या दोन मुलखांच्या मधोमध, रस्ते जिथे एकत्र येतात त्या उघड्या माळावर आहे. तिथला यार्ल बालग्रूफ कुणाची बाजू घेत नाही. त्याच्या स्वभावाचा यात भाग असेलच. पण मला त्यात त्याच्या जागेचा हात जास्त दिसतो. चारी बाजूंनी वाटा उघड्या असलेल्या माणसाला बाजू घेणं सगळ्यात महाग पडतं. म्हणूनच त्या यादवीतली पहिली मोठी लढाई व्हाइटरनचीच आहे, मग तुम्ही कुठल्याही बाजूने खेळा.

यादवी संपायच्या आधी मुख्य कथा पुढे नेली तर डोंगरावरच्या मठात दोन्ही पक्षांचा तह घडवावा लागतो. तिथे खेळाडू मध्ये बसून होल्डांची अदलाबदल ठरवतो. मार्कार्थ आणि रिफ्टन हा तिथला मोठा वाद. नकाशा उघडून पाहिलं की कळतं, ही दोन्ही शहरं टोकाला आहेत, एक अगदी पश्चिमेला, दुसरं अगदी आग्नेयेला. मार्कार्थला चांदीच्या खाणी आहेत. रिफ्टन दक्षिण आणि पूर्व अशा दोन्ही सरहद्दींच्या कोपऱ्यात आहे. वाटाघाटीतलं प्रत्येक वाक्य जमिनीवर उभं आहे म्हणून तो प्रसंग रंगतो. आणि मार्कार्थ दिलं की तिथला यार्ल बदलतो, सिल्व्हर-ब्लड घराण्यातला थोंगवोर गादीवर येतो. नकाशावरचा रंग बदलला की दरबारातली खुर्चीही बदलली पाहिजे.

याच जगातली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मार्कार्थचा होल्ड नकाशावर एका रंगात रंगवलेला आहे, पण शहराच्या तटाबाहेर, डोंगरात, फोरस्वर्न नावाचे बंडखोर पावलोपावली ठाण मांडून आहेत. यार्लची सत्ता प्रत्यक्षात शहर आणि रस्ता एवढीच. उलट विंटरहोल्ड: किनारा कोसळून बहुतेक शहर समुद्रात गेलं, चार-दोन घरं उरली, तरी यार्ल आहे, होल्डही पूर्वीएवढाच मोठा आहे. एकीकडे कागदावरची सत्ता जमिनीवर नाही. दुसरीकडे शहरच उरलं नाही तरी कागद तसाच. तुमच्या सात राज्यांपैकी निदान दोघांत अशी फट हवी. राज्याचा रंग कडेपर्यंत एकसारखा गडद असेल तर ते राज्य खरं वाटत नाही.

आता तुमच्या सर्वांत मोठ्या चुकीकडे येतो. सातपैकी पाच सीमा तुम्ही नदीच्या रेषेवर टाकल्या आहेत. नकाशावर आयती रेषा दिसते, हात तिकडेच जातो, मी समजू शकतो. पण नदी माणसांना तोडण्यापेक्षा जोडते जास्त. दोन्ही काठांची माणसं एकाच पाण्यावर जगतात, एकाच बाजाराला जातात, एकमेकांत सोयरीक करतात, बोलीही एकच असते. तुटतात ती जलविभाजकावर, म्हणजे ज्या कण्यावरून पाणी अलीकडे आणि पलीकडे वाहून जातं तिथे. म्हणून साधा नियम धरा: खोरं एका सत्तेचं, कणा सरहद्दीचा.

नदीवर सीमा असूच नये असं नाही. पण असेल तर ती कुणीतरी, कधीतरी, जोर करून टाकलेली असते, आणि ती दुखत राहते. लढाई थांबली तेव्हा दोन सैन्यं दोन काठांवर होती, म्हणून ती सीमा झाली. शिवाय नदी जागची हलते. अमेरिका आणि मेक्सिको यांच्यामध्ये रिओ ग्रांडे ही सीमा आहे. एकोणिसाव्या शतकात एल पासोजवळ नदी दक्षिणेला सरकली आणि मेक्सिकोच्या बाजूची जमीन अमेरिकेच्या काठाला लागली. चमिसाल नावाच्या त्या पट्ट्याचा वाद १९६३ च्या कराराने मिटला, आणि पुन्हा तसं होऊ नये म्हणून तिथे नदीला काँक्रीटच्या पाटात बांधून टाकलं. हाच प्रसंग तुमच्या खेळात घाला. एका पुरात नदी सरकली, गाव पलीकडच्या राज्यात गेलं, देवळाची जमीन इकडेच राहिली. यंदाचा कर कुणाला द्यायचा? या एका प्रश्नातून तुम्हाला चार क्वेस्ट, म्हणजे खेळाडूला द्यायच्या कामगिऱ्या, मिळतील आणि त्यांच्यासाठी एकही राक्षस लागणार नाही.

नदीच्या सीमेचा चांगला वापर २०१५ च्या विचर ३ या खेळात आहे. पोंटार नदीच्या दक्षिणेला युद्धाने उजाड झालेलं वेलेन, उत्तरेला श्रीमंत नोव्हिग्राड. पुलांवर रेडानियाचे सैनिक उभे आहेत आणि परवाना असल्याशिवाय कुणाला सोडत नाहीत. पुलाशी निर्वासित अडकून पडलेले. खेळाडूलाही परवाना मिळवावा लागतो. तिथे सीमा ही रेषा राहत नाही; पुलापाशी थांबून तुम्हाला करावं लागणारं एक काम होते. वेलेनमध्ये नुकतीच जुनी सत्ता मोडलेली आहे, नवीन अजून रुजलेली नाही, म्हणून गावोगावी जो तो आपापल्या बळावर हुकूम चालवतो. राजकीय विभागणीत "कुणाचाच नाही" हाही एक विभाग असतो. तुमच्या खंडावर एक बोटभरही जागा बिनरंगाची नाही. मधली रांग मोकळी सोडा. तिथे गुराखी, पळालेले शिपाई, खाणी शोधणारे राहू देत.

दुसरा थर असा की सत्ता एकच नसते. कर घेणारा एक, न्याय देणारा दुसरा, देवाधर्माचा अधिकार तिसऱ्याचा आणि रस्त्याची राखण चौथ्याची, असं होऊ शकतं, आणि या चौघांच्या सीमा एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. २००२ च्या मॉरोविंड या खेळातलं व्हार्डनफेल बेट मी नवख्यांना नेहमी दाखवतो. मधोमध ज्वालामुखी, रेड माउंटन. त्याच्या राखेने मधला भाग ओसाड केलेला, त्यामुळे वस्ती कडेकडेने. नैऋत्येला व्यापारी ह्लालू घराणं, त्यांचं बालमोरा नदीकाठी, सपाट छपरांच्या घरांचं. राखेच्या वादळांच्या तोंडाशी लढवय्ये रेडोरान, त्यांचा दरबार एका अजस्र खेकड्याच्या कवचात. पूर्व किनाऱ्यावर तेल्वानी जादूगार, त्यांचे मनोरे म्हणजे वाढवलेल्या प्रचंड अळंब्या, आणि वरच्या दालनांना जिनेच नाहीत. तरंगता येत नसेल तर तुम्ही त्यांच्या लेखी भेटायच्या लायकीचे नाही. वर साम्राज्याचे किल्ले वेगळे आणि देवस्थानाचा अधिकार वेगळा. बेट लहान, पण डोळ्यांवर पट्टी बांधून कुठेही सोडलं आणि पट्टी काढली, तर भिंत पाहूनच सांगता येतं की कुणाच्या मुलखात आहोत.

दोन सत्तांनी एकच जमीन वाटून घेणं हेही खऱ्या जगात आहे. फ्रान्स आणि स्पेन यांच्यामधल्या बिदासोआ नदीत एक छोटं बेट आहे, फेझंट बेट. १६५९ चा पिरेनीजचा तह तिथेच झाला. ते बेट सहा महिने एका देशाच्या ताब्यात आणि सहा महिने दुसऱ्याच्या, अशी पाळी आजही चालू आहे. खेळाच्या नकाशावर असं एक ठिकाण ठेवलंत तर खेळाडू ते विसरणार नाही: याच चौकीवर उन्हाळ्यात एक गणवेश, हिवाळ्यात दुसरा, आणि हिवाळ्यात गुन्हा ठरणारं काम उन्हाळ्यात राजरोस.

इतिहासाबद्दल थोडंच सांगतो, कारण तुम्ही तो भरपूर लिहून ठेवला आहे. पाच पानांतलं दोन ओळींपुरतं ठेवा: आजच्या सीमेआधी सीमा कुठे होती, आणि ती का हलली. जुन्या सीमेच्या खुणा जमिनीवर राहतात. आता मुलखाच्या मध्यभागी पडलेला किल्ला, कुठेच न जाणारा रुंद रस्ता, दोन गावांतला कारण विसरलेला वैरभाव. डॅगरफॉल हा १९९६ चा खेळ. त्यात आखाताभोवती ४४ छोटी-मोठी राज्यं होती. त्या खेळाचे शेवट अनेक होते, आणि त्याच मालिकेतल्या पुढच्या खेळांनी ते सगळेच एकदम घडले असं मानून ४४ ची चार मोठी राज्यं करून टाकली. मला त्यात आवडतं ते हे की निर्मात्यांनी खेळाडूंनी केलेलं काही पुसलं नाही, त्याचा इतिहास केला. पण त्याच खेळातून दुसरंही शिकावं: जमीन अफाट होती, कॉम्प्युटरने आपोआप भरलेली, आणि लोक ती ओलांडायचे ते यादीतलं नाव निवडून. ४४ राज्यं यादीतच राहिली. तुमच्या खेळात फास्ट ट्रॅव्हल, म्हणजे नाव निवडून थेट तिथे पोचायची सोय, असेल तर ते निदान पहिल्या प्रवासात बंद ठेवा. सीमा एकदा पायांनी ओलांडलेली असावी.

आता सीमा खेळाडूच्या हातात कशी द्यायची. स्कायरिममध्ये गुन्ह्याचा दंड होल्डनिहाय मोजला जातो. व्हाइटरनमध्ये चोरी केली तर व्हाइटरनचे पहारेकरी मागे लागतात; रिफ्टनला गेलात तर तिथल्यांना त्याचं काही नाही. व्हाइटरनचे पिवळ्या पट्ट्यातले आणि रिफ्टनचे जांभळ्या पट्ट्यातले पहारेकरी वेगळे आहेत हे माणूस तेव्हा लक्षात ठेवतो, कारण त्याला पळायचं असतं. सीमेने खेळाडूला काहीतरी करायला लावलं पाहिजे: थांबायला, पैसे द्यायला, हत्यार म्यान करायला, भाषा बदलायला किंवा सुटलो म्हणून श्वास टाकायला. यातलं काहीच घडत नसेल तर ती सीमा पुसून टाका.

मी आजही प्रत्येक सरहद्दीसाठी एकच जागा बारकाईने लिहितो, बाकीची तिच्यावरून आपोआप सुचत जाते. उदाहरणार्थ, तुमच्या खिंडीतलं जकातीचं नाकं. रस्ता दक्षिणेकडून फरसबंद येतो आणि नाक्यापाशी फरशी संपते. पुढे चिखलातल्या चाकोऱ्या. दक्षिणेच्या बाजूला धान्य मोजायचं माप साखळीने खांबाला बांधलेलं, कड झिजून गुळगुळीत झालेली. उत्तरेच्या बाजूला मापच नाही, जनावरं मोजायला खाचा पाडलेल्या काठ्यांचा जुडगा टांगलेला. मधल्या दगडावर जुन्या राजाची मुद्रा छिन्नीने उडवलेली, पण तिची कड अजून बोटाला लागते. नाकेदार दक्षिणेचं नाणं दाताखाली धरून पाहतो आणि उत्तरेचं वजनाने घेतो. त्याची आई पलीकडची, म्हणून तो दोन्ही बोली बोलतो आणि दोन्हीकडचे त्याच्यावर पुरता विश्वास ठेवत नाहीत. खेळाडू इथे दीड मिनिट थांबेल. तेवढ्यात त्याला दोन राज्यांचा कर, रस्ता, पैसा, इतिहास आणि एकमेकांबद्दलचा संशय, सगळं कळलेलं असेल, आणि त्याने एक ओळही वाचलेली नसेल.

झेंडे, राजचिन्हं, नावं यांचं काम याच्यानंतर. नावांबद्दल एवढंच पाळा की एका खोऱ्यातल्या गावांच्या नावांचे शेवट एकमेकांशी जुळावेत आणि कण्यापलीकडे गेलं की ते बदलावेत. नद्यांची नावं मात्र सगळ्यात जुन्या लोकांच्या भाषेतली ठेवा. राज्यं येतात-जातात, नदीचं नाव बहुधा टिकतं.

तुमच्या नकाशाचं मी काय केलं असतं ते सांगतो. सातची पाच राज्यं. दक्षिण खोऱ्यात दोन: वरच्या अंगाला जंगल आणि लाकूड विकणारं एक, खाली सपाटीत धान्याचं दुसरं. लाकूड नदीतून तरंगत खाली येतं, धान्य ओढून वर न्यावं लागतं, म्हणून वरचं राज्य नेहमी थोडं गरजवंत आणि थोडं रागावलेलं. नदीच्या मुखाशी, त्रिभुज प्रदेशात, स्वतंत्र बंदर. त्याच्याकडे जमीन जवळजवळ नाही, पण दोघांचा माल त्याच्याच धक्क्यावरून जातो. रांगेच्या उत्तरेला मेंढपाळांचा सैल संघ, सगळ्यात मोठा मुलूख आणि सगळ्यात कमी माणसं. उत्तरेच्या गोठलेल्या किनाऱ्यावर नदीमुखाशी पाचवं. वर्षातले काही महिनेच त्याचं बंदर मोकळं असतं, म्हणून एरवी ते संघाच्या मेहेरबानीवर. रांग स्वतः कुणाची नाही. खिंडीतलं नाकं नावापुरतं दक्षिणेचं. पण हिवाळ्यात बर्फाने वाट बंद झाली की तिथला किल्लेदार तीन महिने कुणाचाच चाकर नसतो.

उरलेली दोन राज्यं टाकून देऊ नका. त्यांना जुनी राज्यं करा, शंभर वर्षांपूर्वी मोडलेली. लिहिलेला इतिहास तिथे उपयोगी पडेल. त्यातलं एक मला तुमच्या तळ्याकाठी दिसतं, तीन नद्यांच्या त्या गावात. गावाला अजूनही राजधानीएवढी मोठी वेस आहे, आणि रोज संध्याकाळी ती बंद करायला दोघंजणच येतात.

रंगांचा थर पुन्हा उघडाल तेव्हा गडद रंग फक्त राजधानीभोवती द्या आणि दिवसांच्या वर्तुळांबरोबर तो फिका करत न्या. मग तो नकाशा कुणाला न समजावता खेळायला द्या, आणि प्रत्येकाला खेळून झाल्यावर कोऱ्या कागदावर सरहद्दी काढायला सांगा. त्यांच्या रेषा आणि तुमच्या रेषा जिथे जुळत नाहीत, तिथे आधी भूभाग तपासा. बहुतेक वेळा तिथे एक टेकडी कमी पडलेली असते.